अंतराला भागून विमानाचा वेळ निघत नाही

प्रति,
मा. संपादक,

विषय: इंदूरहून परदेशी जाणाऱ्यांसाठी छापले जाणारे अंतराचे आणि वेळेचे आकडे

महोदय,

सुट्ट्या जवळ आल्या की वर्तमानपत्रांत एक चौकट हमखास येते. अमुक विमानतळ ते तमुक विमानतळ, अंतर इतके किलोमीटर, वेळ इतके तास. आकडे बहुतेक वेळा खोटे नसतात. पण ते कशाचे आहेत हे चौकटीत लिहिलेले नसते आणि घोटाळा तिथेच होतो. लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर या भागांतल्या अनेक मराठी घरांतले आई-बाबा आज कॅलिफोर्नियात मुलांकडे जाऊन-येऊन असतात. चौकटीतल्या तासांवर विसंबून पुढचे विमान, मागची गाडी, घ्यायला येणाऱ्याची रजा असे सगळे ठरते आणि मग तीन-चार तासांनी, कधी चक्क एका दिवसाने चुकते. म्हणून इंदूर ते सॅन फ्रान्सिस्को हा एकच प्रवास घेऊन हा हिशेब कसा करायचा ते लिहीत आहोत.

आधी अंतर. विमानतळांमधले म्हणून जे अंतर छापतात ते पृथ्वीच्या गोलावरून काढलेले सर्वांत जवळचे अंतर असते. भिंतीवरचा सपाट नकाशा यात दगा देतो. त्यात अमेरिका डाव्या टोकाला असते, म्हणून वाट पश्चिमेची वाटते. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर त्यावर एक दोरा इंदूरपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत ताणून धरा. दोरा पश्चिमेला जात नाही आणि पूर्वेलाही नाही. तो जवळजवळ सरळ उत्तरेला निघतो, उत्तरेपासून पूर्वेकडे जेमतेम १६ अंश कलून. हिमालय, चीनमधला शिनजियांग प्रांत, सायबेरिया ओलांडून तो ७५ अंश अक्षांशापर्यंत आर्क्टिकमध्ये चढतो आणि पलीकडून खाली उतरतो. गोल ३० सेंटिमीटर व्यासाचा असेल तर त्यावरचा एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. दोरा पावणेएकतीस सेंटिमीटरच्या आसपास भरेल, म्हणजे अंतर साधारण १३,०४० किलोमीटर. दोन संकेतस्थळांवर वीसएक किलोमीटरचा फरक दिसला तर त्यावरून वाद नको. विषुववृत्तावरचा घेर ४०,०७५ किलोमीटर आणि ध्रुवांवरून जाणारा ४०,००८. कोणी पृथ्वी पूर्ण गोल धरतो, कोणी थोडी चपटी, इतकाच तो फरक.

एकक मात्र तपासून घ्यावे. वैमानिक सागरी मैल वापरतात, तो १.८५२ किलोमीटरचा. रस्त्यावरचा मैल १.६०९ किलोमीटरचा. १३,०४० किलोमीटर म्हणजे सुमारे ७,०४० सागरी मैल किंवा ८,१०० साधे मैल. दोन्हींना नुसते ‘मैल’ म्हटले की पंधरा टक्क्यांचा घोळ झालाच.

आता गंमत पाहा. दुबई आपल्यापेक्षा अमेरिकेच्या जवळ आहे असा सर्वसाधारण समज आहे. दुबई ते सॅन फ्रान्सिस्को अंतरही १३,०४० किलोमीटरच्याच घरात आहे. म्हणजे इंदूरहून दुबईला जाण्यासाठी कापलेले जवळपास २,१०० किलोमीटर अंतराच्या हिशेबात पूर्ण वाया जातात. याउलट दिल्ली नेमकी त्या दोऱ्याखाली येते. इंदूर-दिल्ली सुमारे ६६० आणि दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को सुमारे १२,३८० किलोमीटर. ही बेरीज थेट अंतरापेक्षा चार-पाच किलोमीटरनेही जास्त भरत नाही. मुंबईमार्गे गेलात तर साधारण ९७५ किलोमीटर जास्त, लंडनमार्गे तीन हजारांच्या आसपास, आणि दिल्लीहून सिंगापूरमार्गे गेलात तर पाच हजारांहून जास्त. तरीही दुबईचे किंवा मुंबईचे तिकीट वाईट ठरत नाही. का, ते पुढे येईलच.

दोऱ्याची वाट ही फक्त गणिताची वाट आहे. तिच्यावरून प्रत्यक्षात विमान जात नाही. दिल्लीहून सरळ उत्तरेला निघाले की लगेच हिमालय आणि त्यामागे तिबेटचे पठार लागते. या पठाराची सरासरी उंचीच साडेचार किलोमीटर आहे. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला तीन किलोमीटरच्या आसपास खाली यावे लागते, कारण प्रवाशांच्या मुखवट्यांतला प्राणवायू साधारण पाव तासच पुरतो. खाली जमीनच साडेचार-पाच किलोमीटरवर असेल तर उतरायचे कुठे? म्हणून तिथून वळसा. दुसरे कारण हवाई हद्दी. २७ फेब्रुवारी २०१९ ते १६ जुलै २०१९ या काळात पाकिस्तानची हद्द बंद होती. पुढे २४ एप्रिल २०२५ पासून ती भारतीय कंपन्यांच्या विमानांना बंद झाली, परदेशी कंपन्यांना नाही. त्यामुळे दिल्लीहून युरोपच्या दिशेने निघणाऱ्या भारतीय विमानाला आधी खाली गुजरातकडे येऊन अरबी समुद्रावरून जावे लागते. त्याच वाटेवरच्या परदेशी विमानाला तो वळसा नाही. अंतर तेच, विमानतळ तेच, तरी कंपनी बदलली की तास बदलतात. मुंबईहून निघणारे विमान तसेही समुद्रावरूनच जाते. म्हणून कागदावर लांब दिसणारी मुंबई अशा काळात आपोआप जवळ येते. वळशाने इंधन पुरेनासे झाले की वाटेत एक थांबा वाढतो. २०२५ मध्ये दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणारी काही विमाने व्हिएन्नाला उतरून इंधन भरत होती, त्याचे कारण हेच. युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना २०२२ पासून रशियाची हद्द बंद आहे, म्हणून त्यांचे वळसे पुन्हा वेगळे.

जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले एक विमान इंजिनाच्या तक्रारीमुळे रशियातल्या मगादानला उतरवावे लागले. अमेरिकेला जाणारे विमान सायबेरियाच्या त्या टोकाला कसे, असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला. गोलावरचा दोरा पाहिलेल्याला तो पडणार नाही.

वळशांपेक्षाही मोठी गोष्ट वारा. उत्तर गोलार्धात दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान झोत वाहतात. हिवाळ्यात त्यांचा जोर सर्वाधिक असतो. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर हा त्यांचा नेहमीचा वेग, कधी तीनशेच्याही वर. विमानाचा वेग असतो तो हवेच्या तुलनेत, आणि ती हवाच सरकत असते. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. अटलांटिकची वाट १३,९०० किलोमीटरची, पॅसिफिकची १५,३०० किलोमीटरची. चौदाशे किलोमीटर जास्त कापूनही विमान साडेचौदा तासांत पोहोचले, आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर. सरासरी निघते ताशी १,०५५ किलोमीटर. अशा मोठ्या जेट विमानाचा स्वतःचा वेग ताशी नऊशेच्या आसपास असतो, वरचे दीडशे वाऱ्याचे. अंतराला ठरावीक वेगाने भागून तास काढणाऱ्या कोणत्याही तक्त्यात हे बसत नाही. तिथे जास्त किलोमीटर म्हणजे जास्त तास, एवढेच येते.

जाताना मिळालेला वारा येताना फिटतो का? तेही नाही. मुंबई-लंडन ७,२०० किलोमीटर घ्या, विमानाचा वेग ताशी ९००, वारा ताशी १००. समोरून वारा असताना वेग ८००, म्हणजे नऊ तास. पाठीमागून असताना १,०००, म्हणजे सात तास बारा मिनिटे. बेरीज सोळा तास बारा मिनिटे. वारा नसता तर सोळाच तास लागले असते. समोरच्या वाऱ्यात आपण जास्त वेळ असतो, म्हणून नुकसान फायद्यापेक्षा नेहमी मोठे. तेव्हा जाण्याचा वेळ दुप्पट करून जाऊन-येऊनचा वेळ काढू नये. देशातही हे दिसते. इंदूर आणि कोलकाता जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, मधले अंतर सुमारे १,३०० किलोमीटर. वाट सरळ पूर्व-पश्चिम असल्याने हिवाळ्यात कोलकात्याहून परतायला जाण्यापेक्षा दहा-वीस मिनिटे जास्त धरावीत. दिल्ली-इंदूर वाट उत्तर-दक्षिण आहे, तिथे हा फरक फारसा जाणवत नाही.

मग अंदाज बांधायचाच नाही का? बांधावा, पण असा. देशातल्या जेट विमानासाठी किलोमीटरला ७५० ने भागा आणि त्यात ३५ मिनिटे मिळवा. इंदूर-मुंबई ५०५ किलोमीटर, उत्तर सव्वा तास. दिल्लीसाठी साधारण दीड तास, बंगळूरच्या सुमारे १,०८० किलोमीटरसाठी दोन तास. वेळापत्रकात याच्या पाच-दहा मिनिटे इकडेतिकडे दिसेल. ३५ मिनिटे कशाची? धावपट्टीपर्यंत रांगत जाणे, वर चढणे, खाली उतरणे, आणि उतरल्यावर जागेवर जाऊन उभे राहणे. इंदूरला हे चटकन होते, दिल्लीत उतरल्यावर फाटकापर्यंत पोहोचायलाच वीस मिनिटे जाऊ शकतात. एटीआर हे पंख्याचे विमान असेल तर त्याचा वेग ताशी ५०० च्या आसपास, म्हणून ४५० ने भागावे. पाचशे किलोमीटरला जेटपेक्षा पंचवीस-तीस मिनिटे जास्त निघतात. तिकीट घेताना विमानाचा प्रकार पाहिला नाही तर दिल्लीच्या पुढच्या विमानात हीच मिनिटे आडवी येतात. लांबच्या परदेशी वाटेला मात्र हा गुणाकार-भागाकार सोडून द्यावा आणि त्या तारखेचे वेळापत्रकच पाहावे, कारण वर सांगितलेले वळसे आणि वारा त्यात कंपनीने आधीच धरलेले असतात.

वेळापत्रकातली वेळ म्हणजे चाकांखालच्या अडणी काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतची. हवेत असण्याचा वेळ त्याहून कमी. विमान वेळेआधी पंधरा मिनिटे पोहोचले म्हणून कौतुक होते, पण ती मिनिटे कित्येकदा वेळापत्रकात मुद्दाम राखून ठेवलेली असतात.

आता सर्वांत जास्त चुका होतात ती जागा, म्हणजे घड्याळ. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या गावची असते. समजा तिकिटावर दिल्ली पहाटे ४:००, सॅन फ्रान्सिस्को सकाळी ७:००, तारीख तीच असे छापले आहे. तीन तासांत अमेरिका कोणी समजत नाही, पण मग खरे किती, हे पुष्कळांना सांगता येत नाही. रीत सोपी आहे. दोन्ही वेळा भारतीय वेळेत आणा आणि वजा करा. उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्को आपल्या साडेबारा तास मागे असते. तिथले सकाळचे ७:०० म्हणजे आपले संध्याकाळचे ७:३०. पहाटे चारपासून साडेसातपर्यंत साडेपंधरा तास. हिवाळ्यात फरक साडेतेरा तासांचा होतो, तेव्हा याच छापील वेळांतून साडेसोळा निघतील. अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जाते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येते. युरोपात ते मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होते. म्हणजे दरवर्षी मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि शरद ऋतूत एक आठवडा अमेरिका आणि युरोप यांच्यातला नेहमीचा फरक एका तासाने बदललेला असतो. लंडन किंवा फ्रँकफर्टला विमान बदलणाऱ्यांनी या आठवड्यांत मधला वेळ पुन्हा मोजून घ्यावा. विमान कंपन्यांचे उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रकही त्याच युरोपीय रविवारी बदलते, म्हणून फेब्रुवारीत घेतलेल्या एप्रिलच्या तिकिटाची वेळ सरकण्याची शक्यता धरूनच चालावे.

जुन्या भारतीय ज्योतिषगणितात रेखांश मोजायचे ते उज्जैनच्या मध्यरेखेपासून, आणि इंदूर जवळपास त्याच रेषेवर आहे. त्या हिशेबाने आपली सूर्याची वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे २७ मिनिटे मागे पडते. हे विमानाच्या कामाचे नाही, पण माळव्यातल्या माणसाला रेखांशाचे वावडे असू नये एवढ्यासाठी सांगितले.

परतीची तारीख हा वेगळाच सापळा. शुक्रवारी रात्री ९ ला सॅन फ्रान्सिस्कोहून निघून साडेसोळा तास उडालेले विमान उन्हाळ्यात दिल्लीला कधी पोहोचते? तिथल्या घड्याळाने शनिवारी दुपारी दीड, त्यात साडेबारा मिळवले की आपल्याकडे रविवारची पहाटे दोनची वेळ. घरचे लोक मात्र ‘शुक्रवारी निघाले, शनिवारी येतील’ असे धरून दिल्ली-इंदूरचे तिकीट शनिवारचे काढतात. ते तिकीट बुडतेच. जाताना तारीख तीच राहते आणि येताना दोनने पुढे जाते, हे कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहूनच पुढचे तिकीट काढावे. दुसरी चूक मध्यरात्रीची. १२ तारखेचे रात्री ००:३० चे विमान म्हणजे ११ तारखेच्या रात्री जेवून निघायचे. आपल्याकडे दिवस सूर्योदयाला बदलतो असे मनात पक्के बसलेले, त्यामुळे माणसे १२ च्या रात्री, म्हणजे पूर्ण एक दिवस उशिरा, विमानतळावर येतात. अशा तिकिटावर ‘११ ची रात्र’ असे ठळक लिहून ठेवावे.

छापील साडेपंधरा तासांचे घरापासून घरापर्यंत किती होतात तेही पाहू. वरच्याच उदाहरणात इंदूरहून आदल्या रात्री ८ चे दिल्लीचे विमान धरले तर घर सोडायचे साडेपाचला. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो आणि कालानी नगरच्या बाजूची संध्याकाळची वर्दळ मोजावीच लागते. दिल्लीत साडेनऊला उतरून पहाटे चारपर्यंत साडेसहा तास. सॅन फ्रान्सिस्कोत सात वाजता उतरल्यावर इमिग्रेशन, सामान, कस्टम्स आणि गाडी मिळून मुलांच्या घरी पोहोचायला साडेनऊ. म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे दहा. एकूण साडेअठ्ठावीस तास. वयस्कर माणसांच्या औषधांचे डोस घड्याळावर न लावता असे तासांवर लावून डॉक्टरांकडून लिहून घ्यावेत, इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर नक्कीच.

दिल्लीतले साडेसहा तास फार वाटतात, म्हणून पुष्कळजण दोन-अडीच तासांचे जोडविमान शोधतात. सगळा प्रवास एका पीएनआरवर असेल तर सामानावर बहुधा इंदूरलाच शेवटच्या गावाची चिठ्ठी लागते, आणि पहिले विमान उशिरा आले तर पुढची सोय करणे कंपनीचे काम. दोन वेगळी तिकिटे असतील तर दिल्लीत सामान काढा, गरज पडल्यास टर्मिनल बदला, पुन्हा रांगेत उभे राहा, आणि पहिले विमान उशिरा आले तर दुसऱ्या कंपनीचा त्याच्याशी संबंध नाही. अशा वेळी पाच-सहा तासांखाली जाऊ नये. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत दिल्लीत पहाटेचे दाट धुके असते. त्या दिवसांत दुपारचे परदेशी विमान पकडायला इंदूरहून सकाळचे पहिले विमान घेणे म्हणजे जुगार. आदल्या संध्याकाळी निघावे. दुबईमार्गे जाण्यात अंतर वाया जाते असे वर लिहिले, पण धुके आणि दिल्लीतली टर्मिनलची धावपळ टळते हेही खरे. दोन हजार किलोमीटर जास्त आणि झोप शांत, हा व्यवहार काहींना परवडतो.

अमेरिकेत आणखी एक विमान बदलायचे असेल तर ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतरता तिथे सामान स्वतः उचलून कस्टम्समधून काढावे लागते आणि पुन्हा पट्ट्यावर द्यावे लागते, चिठ्ठी शेवटच्या गावाची असली तरी. त्यासाठी तीन तास ठेवावेत. अपवाद अबुधाबी, डब्लिन, शॅनन अशा काही विमानतळांचा. तिथे अमेरिकेची तपासणी विमानात बसण्याआधीच होते, आणि अमेरिकेत उतरल्यावर तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे बाहेर पडता.

इंदूरहून थेट अमेरिका का नाही, अशीही मागणी वाचकांच्या पत्रांतून अधूनमधून येते. अडचण अंतराची नाही. सिंगापूर-न्यूयॉर्क हे साडेपंधरा हजार किलोमीटरच्या जवळचे विमान रोज उडते. अडचण उड्डाणाची आहे. इतक्या लांब जाणाऱ्या विमानाच्या वजनात इंधनाचाच वाटा चाळीस टक्क्यांच्या आसपास असतो. पूर्ण भरलेल्या मोठ्या जेटला समुद्रसपाटीला, साध्या हवेतही, तीन किलोमीटरच्या आसपास धावपट्टी लागते. अहिल्याबाई होळकर विमानतळाची धावपट्टी सुमारे पावणेतीन किलोमीटरची, आणि समुद्रसपाटीपासून उंची ५६० मीटरच्या वर. मे महिन्यातल्या चाळीस अंशांच्या विरळ हवेत गरज आणखी वाढते. दिल्लीची सर्वांत लांब धावपट्टी ४.४ किलोमीटरची आहे.

संपादक महोदय, आपल्याला विनंती एवढीच. यापुढे अशी चौकट छापाल तेव्हा अंतराशेजारी ‘गोलावरचे जवळचे अंतर’ असे लिहा. वेळ छापताना ती कोणत्या महिन्याच्या वेळापत्रकातली आहे ते द्या, आणि जाण्याचा व येण्याचा वेळ वेगळा छापा. पोहोचण्याच्या वेळेपुढे कंसात भारतीय वेळ आणि वार घाला. चौकट दोन ओळींनी वाढेल, पण शनिवारचे दिल्ली-इंदूर तिकीट बुडायचे वाचेल.

आपले,
इंदूरमधील विमानतिकीट आरक्षणाच्या व्यवसायातील काही वाचक